शाळा त्यांची, साथ आपली

दर वर्षी डिसेंबर जवळ आला की आपल्या मंडळातील दोन-चार जण तरी हमखास एक प्रश्न विचारतात. "गावाकडच्या मुलांच्या शिक्षणासाठी काही द्यायचे आहे. कुठे द्यावे? आणि दिलेले पोचते का?" कोणाला वर्षअखेरीच्या करसवलतीची आठवण झालेली असते, कोणी नुकतेच भारतात जाऊन आलेले असते, तर कोणाला आईवडिलांच्या स्मरणार्थ एखादी वर्गखोली बांधायची असते. मी क्युपर्टिनोत राहतो. व्यवसायाने इंजिनिअर आहे, शिक्षणतज्ज्ञ मुळीच नाही. पण गेली काही वर्षे आम्ही सहा-सात कुटुंबे महिन्यातून एकदा कोणाच्या तरी घरी जमतो, चहापोहे होतात आणि भारतातून आलेले शैक्षणिक प्रकल्पांचे अर्ज वाचतो, त्यांवर वादही घालतो. त्या निमित्ताने जे वाचनात आणि ऐकण्यात आले, ते वाचकांपुढे ठेवावे म्हणून हा लेख.

मुख्य मुद्दा आधीच सांगून टाकतो. दुर्गम भागातली शाळा तिथल्याच एखाद्या माणसाच्या, बहुतेक वेळा तिथल्याच एखाद्या बाईच्या, खांद्यावर उभी राहते. आपल्यासारख्या दूरच्या लोकांनी करायचे ते इतकेच, की अशा माणसांबरोबर काम करणारी संस्था शोधायची आणि त्या माणसाचे मानधन वेळेवर मिळत राहील इतकी वर्षे मागे उभे राहायचे. ऐकायला हे साधे वाटते, पण देणगी देताना आपला हात बहुतेक वेळा दुसरीकडेच जातो.

मूल शाळेत का येत नाही?

इथे बसून विचार केला की आपल्याला प्रथम सुचते ती इमारत, मग बाके, मग संगणक. या वस्तू डोळ्यांना दिसतात, त्यांचे फोटो निघतात, त्यांच्यावर नावाची पाटी लावता येते. पण २००९ च्या शिक्षणहक्क कायद्यानुसार पहिली ते पाचवीची शाळा घरापासून एक किलोमीटरच्या आत हवी, आणि महाराष्ट्रातल्या बहुसंख्य गावांत ती आहेही. तरीसुद्धा मूल येत नाही, किंवा येते पण शिकत नाही. असे का व्हावे?

पहिले कारण काम. आई मजुरीला गेली की धाकट्या भावंडाला कोणी सांभाळायचे? गुरे कोणी चारायची? दुसरे कारण हंगाम. बीड आणि आसपासच्या जिल्ह्यांतून दिवाळीच्या सुमारास हजारो जोडपी ऊसतोडीला निघतात आणि उन्हाळा लागल्यावर परततात. शाळेचे वर्ष जूनमध्ये सुरू होते आणि ऐन मध्यावर मूल पाचटाच्या कोपीत राहायला जाते. तिसरे कारण भाषा. सातपुड्यातले मूल पावरी किंवा भिलोरी बोलते, भामरागडचे माडिया बोलते, आणि पहिल्याच दिवशी त्याच्यापुढे येते ते प्रमाण मराठीतले पुस्तक. चौथे कारण सगळ्यात कमी दिसणारे, ते म्हणजे मागे पडणे. पहिलीत अक्षरे हुकली की दुसरीचे पुस्तक कळत नाही, तिसरीचे तर नाहीच, आणि तरीही मूल वर्गात बसलेले असते. २०२४ च्या 'असर' पाहणीत ग्रामीण भारतातील तिसरीच्या चार मुलांपैकी साधारण एकालाच दुसरीच्या पातळीचा मजकूर वाचता येत होता.

या चारही गाठी इमारतीने सुटत नाहीत. कोणाच्या घरी तान्हे मूल आहे, कोण कोणत्या मुकादमाबरोबर कधी निघणार, कोणती भाषा घरात बोलली जाते, कोणाला अजून अक्षरे येत नाहीत, हे ज्याला रोजच्या रोज ठाऊक असते त्यालाच त्या सोडवता येतात. हे ठाऊक असणारा माणूस तालुक्याहून मोटारसायकलवर येणारा नसतो, आणि क्युपर्टिनोहून ईमेल पाठवणारा तर नसतोच.

कोसबाडचा धडा

ही गोष्ट महाराष्ट्रात ऐंशी वर्षांपूर्वी कोणीतरी करून दाखवली आहे, आणि आपल्यापैकी पुष्कळांनी ती शाळेत असताना ऐकलीही असेल. ताराबाई मोडक यांनी १९४५ मध्ये बोर्डी येथे ग्राम बालशिक्षा केंद्र सुरू केले. अनुताई वाघ त्यांना तिथेच येऊन मिळाल्या. त्याआधी १९२६ मध्ये ताराबाईंनी गिजुभाई बधेका यांच्यासमवेत नूतन बालशिक्षण संघ स्थापन केला होता, परंतु तोवरचे बालशिक्षण मुख्यतः शहरी, सुखवस्तू मुलांचे होते. मॉन्टेसरी बाईंची साधने महाग होती. बोर्डीला येऊन त्यांनी पाहिले, की गावात बालवाडी उघडली तरी गरीब वस्त्यांमधली मुले तिथवर येत नाहीत. मग त्यांनी बालवाडीच वस्तीत नेली. ती घरापुढच्या अंगणात भरू लागली, म्हणून तिचे नाव अंगणवाडी. १९७५ मध्ये भारत सरकारने एकात्मिक बालविकास योजना आणली तेव्हा केंद्रांसाठी हाच शब्द उचलला, आणि आज तो देशभर चालतो.

१९५७ मध्ये हे काम डहाणू तालुक्यातील कोसबाडच्या टेकडीवर गेले. तिथे वारली मुले. मोठी बहीण शाळेत येत नाही, कारण तिच्या कडेवर लहान भाऊ आहे. मग पाळणाघर, बालवाडी आणि प्राथमिक शाळा एकाच आवारात आणली. तिला नाव दिले विकासवाडी. भाऊ पाळण्यात, बहीण वर्गात! जी मुले गुरांमागे जातात त्यांच्यासाठी शिक्षकच कुरणात गेले, ती कुरणशाळा. साधने म्हणून बिया, पाने, शिंपले, माती. यातली एकही कल्पना मुंबईच्या कचेरीत सुचण्यासारखी नव्हती. ती सुचायला टेकडीवर राहावे लागले.

कोसबाडचे नाव घेतले की आपण त्या दोघींच्या त्यागाबद्दल बोलतो, आणि ते योग्यच आहे. परंतु देणाऱ्याच्या दृष्टीने धडा निराळा आहे. त्यांनी मुलाला शाळेच्या वेळापत्रकात बसवले नाही, शाळेला मुलाच्या दिवसात बसवले.

हीच वाट पुढे इतरांनी आपापल्या परीने चोखाळली. हेमलकशाला लोक बिरादरी प्रकल्प १९७३ मध्ये सुरू झाला आणि शाळा १९७६ मध्ये. माडिया मुलांना मराठी ही परकी भाषा, तेव्हा शिकवणाऱ्याला आधी माडिया शिकावी लागली. नर्मदेच्या खोऱ्यात, अक्कलकुवा आणि धडगाव भागात, १९९० च्या दशकाच्या सुरुवातीस जीवनशाळा निघाल्या. धरणाबद्दल कोणाचे मत काहीही असो, पण गावातल्याच चार इयत्ता शिकलेल्या तरुणांनी आपल्या बोलीत मुलांना शिकवायचे हा त्यांचा पाया शैक्षणिकदृष्ट्या पक्का होता. ऊसतोडीच्या मुलांसाठी औरंगाबादच्या (आताचे छत्रपती संभाजीनगर) जनार्थ संस्थेने कारखान्यांच्या तळांवर साखरशाळा चालवल्या. दुसरा उपाय हंगामी वसतिगृहाचा. आईबाप तोडीला गेले तरी मूल गावातच आजीआजोबांकडे किंवा नातलगांकडे राहते, त्याच्या जेवणाची सोय होते आणि शाळा तुटत नाही. या दोहोंपैकी कोणता उपाय कोणत्या गावाला लागू पडेल? ज्या घरात आजी धडधाकट आहे तिथे दुसरा, जिथे मागे कोणीच उरत नाही तिथे पहिला. हे गावाला विचारल्यावाचून कळत नाही.

तीच गोष्ट घानामध्ये

हे फक्त आपल्याकडचे आहे असे समजू नये. पश्चिम आफ्रिकेतील घाना देशाच्या उत्तर भागात पावसावरची शेती, विखुरलेल्या वस्त्या, घरात दागबानी किंवा अशीच एखादी बोली आणि शाळेत इंग्रजी. आपल्या ओळखीचे चित्र! तिथे १९९५ मध्ये 'स्कूल फॉर लाइफ' नावाचा कार्यक्रम सुरू झाला. तो सुरू करणाऱ्यांत एका बाजूला डेन्मार्कमधील घानाप्रेमी मंडळी होती, म्हणजे जवळजवळ आपल्यासारखेच एक मंडळ, आणि दुसऱ्या बाजूला तिथल्याच दागोम्बा समाजातील कार्यकर्ते.

त्यांनी रचना अशी केली. आठ ते चौदा वर्षांची, शाळेत कधीच न गेलेली मुले. वर्गात साधारण पंचवीस. वर्ग दुपारी, म्हणजे सकाळी शेतावर काम करता येते. मुदत नऊ महिन्यांची, शेतीच्या हंगामाशी जुळवून घेतलेली. शिकवणे मातृभाषेतून. शिक्षक गावानेच निवडलेला, गावातच राहणारा, थोडक्या मानधनावर काम करणारा. नऊ महिन्यांत लिहिणे-वाचणे-हिशेब पक्का करून मुलाला सरकारी शाळेत वरच्या इयत्तेत बसवायचे. समांतर शाळा कायमची चालवायची नाही, मूळ शाळेकडे जाणारा पूल बांधायचा. पुढे २०१२ नंतर ब्रिटिश मदतीच्या जोरावर घाना सरकारने याच धर्तीवर मोठा कार्यक्रम हाती घेतला.

कुरणशाळेत आणि या दुपारच्या वर्गात हजारो मैलांचे अंतर. तरी दोन्हीकडे उत्तर एकच निघाले.

मुंबईची बालसखी

आता याच्या उलट दिशेचा प्रवास पाहा. १९९० च्या दशकाच्या मध्यास युनिसेफ आणि मुंबई महापालिकेच्या साहाय्याने 'प्रथम' ही संस्था सुरू झाली. संस्थापकांपैकी माधव चव्हाण हे रसायनशास्त्रज्ञ, अमेरिकेत पीएच.डी. करून आणि शिकवून परतलेले. त्यांच्याबरोबर फरिदा लांबे. झोपडपट्टीत बालवाडीसाठी जागा विकत घ्यायची नाही, देऊळ, कोणाचे घर, कोणाची कचेरी, मिळेल तिथे बसायचे, असे प्रथमचे धोरण होते.

प्रथमची बालसखी म्हणजे त्याच वस्तीतली दहावी-बारावी झालेली मुलगी. तिसरी-चौथीत मागे पडलेली पंधरा-वीस मुले शाळेच्या वेळातच रोज सुमारे दोन तास ती बाजूला घेऊन बसे आणि अक्षरओळखीपासून शिकवी. मानधन महिना पाचशे ते साडेसातशे रुपये. २००१ ते २००३ या काळात अभिजित बॅनर्जी, एस्थर डुफ्लो आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी मुंबई व बडोद्यात शाळांचे चिठ्ठ्या टाकल्याप्रमाणे दोन गट करून याची पद्धतशीर तपासणी केली. मुले खरोखर पुढे गेली होती, आणि सर्वांत जास्त फायदा सर्वांत मागे असलेल्यांचा झाला होता. बॅनर्जी व डुफ्लो यांना मायकेल क्रेमर यांच्यासह २०१९ मध्ये अर्थशास्त्राचे नोबेल मिळाले, त्यामागे अशा प्रकारच्या प्रयोगांची मोठी परंपरा आहे.

ही पद्धत पुढे आफ्रिकेत गेली. घानात २०१० ते २०१३ या काळात सरकारच्या युवक रोजगार योजनेतील तरुणांना शाळेत साहाय्यक म्हणून नेमून ती करून पाहिली. कोत दिव्हारमध्ये कोकोच्या मळ्यांच्या पट्ट्यात २०१८ पासून तिचा प्रयोग सुरू झाला. म्हणजे मुंबईच्या वस्तीतल्या मुलीने घालून दिलेला कित्ता पश्चिम आफ्रिकेतील मुले गिरवू लागली. मराठी माणसाला याचा अभिमान वाटायला हरकत नाही.

पण घानाच्या प्रयोगातील एक बाब मला यशापेक्षाही मोलाची वाटते. मुलांची प्रगती झाली, परंतु साहाय्यकांचे मानधन वेळेवर येईना. महिने लोटले, आणि काहींचे येणे साहजिकच कमी झाले. पद्धत उत्तम, तरुण उत्साही, पुस्तके तयार, आणि अडले ते ठरलेल्या तारखेला न आलेल्या थोड्याशा पैशांमुळे! आपल्याकडेही ग्रामीण कार्यकर्त्यांशी बोलताना हेच ऐकू येते. बाहेरचा पैसा नेमका इथे उपयोगी पडतो. मोठी रक्कम एकदाच देण्यापेक्षा लहान रक्कम चुकवल्याशिवाय देत राहणे, यात बाहेरच्या मित्राची खरी किंमत आहे.

आपल्या अंगणातला पुरावा

'स्थानिक भागीदारी' हा शब्द अर्जांत इतक्या वेळा येतो की त्याचा अर्थ बोथट होऊन जातो. तो समजण्यासाठी लांब जायला नको. आपली मराठी शाळाच घ्या. बृहन्महाराष्ट्र मंडळाने अभ्यासक्रम आखला, पुण्याची भारती विद्यापीठ परीक्षा घेते, हे सगळे खरे. पण रविवारी सकाळी वर्ग उघडतो कोण? इथलेच आईबाप. 'ळ' का जमत नाही, घरात आजी आली की मूल कसे भराभर बोलू लागते, सॉकरचा सामना असला की वर्ग कधी ठेवावा, हे पुण्याला कळणे शक्य नाही. पुण्याने फक्त इमारत बांधून दिली असती, तर ती एव्हाना ओस पडली असती.

दुसरे उदाहरण शाळा बंद होण्याचे. २०२१ मध्ये क्युपर्टिनोच्या शाळा मंडळाने पटसंख्या घटल्यामुळे रेगनार्ट आणि मायरहोल्झ या दोन प्राथमिक शाळा बंद करण्याचा निर्णय घेतला, तेव्हा पालकांनी किती विरोध केला होता ते इथल्या रहिवाशांना आठवत असेल. इथली पर्यायी शाळा मोटारीने काही मिनिटांवर होती, तरीही 'आपली शाळा' जाणार याचे दुःख खरे होते. महाराष्ट्रात २०२३ मध्ये वीसपेक्षा कमी पट असलेल्या शाळा एकत्र करून 'समूह शाळा' करण्याचा विचार शिक्षण खात्याने पुढे आणला. अशा शाळांची संख्या पंधरा हजारांच्या घरात होती. एकत्र करण्याच्या बाजूनेही मुद्दे आहेत. चार इयत्तांना एकच शिक्षक असण्यापेक्षा मोठी शाळा बरी, असे म्हणता येते. पण डोंगरातल्या सहा-सात वर्षांच्या मुलीला ओढा ओलांडून जावे लागणार असेल, तर आईबाप तिला घरीच ठेवतील हेही तितकेच खरे. अशा वेळी गावाची बाजू मांडायला गावातच कोणी तरी उभे राहावे लागते, आणि जिथे पालक शाळेशी जोडलेले असतात तिथेच ते उभे राहते.

पैशाची वाट

आता व्यवहाराचे बोलू. आपला पैसा कायद्याने कसा जातो हे पुष्कळांना ठाऊक नसते.

अमेरिकेतील करसवलत हवी असेल तर देणगी इथे नोंदलेल्या धर्मादाय संस्थेलाच द्यावी लागते. गावच्या ट्रस्टच्या नावे थेट पाठवलेल्या पैशाला ती मिळत नाही. महाराष्ट्र फाउंडेशन १९७८ पासून हे काम करीत आहे. 'आशा' ही संस्था १९९१ मध्ये बर्कलीच्या विद्यापीठातील भारतीय विद्यार्थ्यांनी सुरू केली आणि सिलिकॉन व्हॅलीत तिची शाखा आहे. प्रथमचीही अमेरिकेत संस्था आहे. या संस्थांचे नऊशे नव्वद क्रमांकाचे वार्षिक विवरणपत्र कोणालाही पाहता येते, ते अवश्य पाहावे. शिवाय आपल्या कंपनीची जोड-देणगी मागायला विसरू नये. अॅपलने ती २०११ मध्ये सुरू केली, इतर अनेक कंपन्यांतही ती आहे, आणि फक्त अर्ज न भरल्यामुळे पुष्कळ रक्कम वाया जाते.

भारताच्या बाजूने परदेशी देणग्यांचा कायदा लागू होतो. तो प्रथम १९७६ मध्ये आला, २०१० मध्ये नव्याने झाला, आणि २०२० च्या दुरुस्तीने बराच कडक झाला. परदेशी पैसा घेणाऱ्या संस्थेची नोंदणी हवी आणि तिचे खाते स्टेट बँकेच्या दिल्लीतील मुख्य शाखेत हवे. कारभाराचा खर्च पूर्वी निम्म्यापर्यंत चालत असे, तो आता वीस टक्क्यांवर आणला आहे. सर्वांत मोठा बदल म्हणजे एका संस्थेला मिळालेला परदेशी पैसा दुसऱ्या संस्थेला देता येत नाही. पूर्वी पुण्या-मुंबईची मोठी संस्था पैसे घेई आणि धडगाव-भामरागडच्या छोट्या गटांना वाटून देई. ती वाट बंद झाली. छोट्या गटाला स्वतः नोंदणी करायची तर तीन वर्षांचे अस्तित्व आणि त्या काळात पंधरा लाख रुपयांचा खर्च दाखवावा लागतो. दुर्गम भागातील पाच-सहा जणांच्या गटाला हे कोठून जमणार?

यातून दोन गोष्टी निघतात. एक, आपल्यातील ज्यांच्याकडे अजून भारतीय पासपोर्ट आहे त्यांनी स्वतःच्या बचतीतून रीतसर बँकेमार्फत दिलेली देणगी या कायद्याखाली 'परदेशी' धरली जात नाही. ते छोट्या गटाला थेट मदत करू शकतात, मात्र इथली करसवलत सोडून. अमेरिकन नागरिक झालेल्यांना, ओसीआय कार्ड असले तरी, हे लागू नाही. दोन, बाकीच्यांनी अशी नोंदलेली संस्था निवडावी जी दुर्गम गावात स्वतः काम करते आणि गावातलीच माणसे पगारावर नेमते. पैसे पाठवण्यापूर्वी संस्थेकडून नोंदणीची मुदत लेखी मागवावी. ती दर पाच वर्षांनी नूतनीकरणाला येते.

काय विचारावे?

आमच्या बैठकीत आता प्रत्येक अर्जाला पाच प्रश्न विचारतो.

१. शिकवणारी व्यक्ती कोणत्या गावात राहते? तिला मुलांची घरची भाषा येते का?

२. तिला महिना किती मिळते आणि कोणत्या तारखेला?

३. हंगामात, पेरणीत, स्थलांतरात वर्ग कसा चालतो?

४. कोणती मुले कुठवर वाचतात हे कशावरून कळते? अक्षर, शब्द, परिच्छेद, गोष्ट, एवढी साधी तपासणीही पुरते, पण ती दर काही महिन्यांनी झालेली हवी.

५. सरकारी शाळेशी आणि तिथल्या गुरुजी-बाईंशी संबंध कसे आहेत? आम्ही थांबलो तर काय उरेल?

इमारतीचा प्रश्न या यादीत नाही, हे लक्षात आलेच असेल. गावाने स्वतः खोली मागितली, जागा दिली, श्रमदान कबूल केले, तर जरूर द्यावी. मागणी मात्र तिकडून यावी.

सहावा प्रश्न आपण स्वतःला विचारायचा. आपण किती वर्षे टिकणार? पहिलीत आलेल्या मुलाला पाचवी पूर्ण करायला पाच वर्षे लागतात. आपला उत्साह मात्र भारतभेटीनंतर सहा महिने टिकतो. म्हणून आम्ही थोड्या ठिकाणी, पण पाच वर्षांसाठी शब्द देतो, आणि अहवाल वर्षातून एकदाच मागतो. चार-चार देणगीदारांना चार नमुन्यांत अहवाल लिहिण्यात जी रात्र जाते, ती त्या बाईच्या झोपेतून किंवा मुलांच्या तयारीतून जाते.

या डिसेंबरमध्ये चेक लिहिण्यापूर्वी मंडळातील चार कुटुंबांनी एकत्र बसावे, एक गाव, एक संस्था निवडावी आणि दरमहाची रक्कम ठरवून बँकेला कायमची सूचना द्यावी. क्युपर्टिनोत एका मुलाच्या गणिताच्या आणि पियानोच्या शिकवण्यांवर महिन्याला जे जाते, त्यातून तिकडच्या एका ताईचे महिन्याचे मानधन सहज निघते. ते तिच्या हाती दर एक तारखेला पडावे, एवढी काळजी आपण घेऊ. वर्ग कसा चालवायचा ते तिला चांगले कळते.